आत्याचं हाड आणि माझे गुरुवार

मुरबाडच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी येऊन बसलेल्या माणसाच्या पिशवीतून मांडीचं हाड बाहेर डोकावत होतं.

समोरच्या मावशींनी आधी हाडाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि टोपली उचलून त्या चार हात लांब जाऊन बसल्या. "भगत दिसतोय गो, भुताखेताचा," त्या शेजारणीच्या कानात म्हणाल्या. पण आमच्याकडच्या मावश्यांचं कानात बोलणं निम्म्या स्टँडला ऐकू जातं. तो बिचारा लालेलाल झाला. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, पाठीवर लॅपटॉप... भगत म्हणून फारच कोवळा होता.

मी सकाळचा वडापाव संपवत होते. मला राहवलं नाही.

"डाव्या पायाचं आहे," मी म्हणाले.

"काय?"

"हाड. डाव्या मांडीचं, प्लास्टिकचं. आणि आतला धातूचा खुंटा एक साइज मोठा बसवलाय तुम्ही."

त्याने चष्मा नाकावर खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात बऱ्याच लोकांना माझ्याकडे बघताना पाहिलंय, पण असं कोणी बघितलं नव्हतं — जणू मीच काहीतरी शोध लावला होता.

"त्याला स्टेम म्हणतात," तो म्हणाला.

"मला माहीत आहे. पण मावशींना स्टेम म्हटलं असतं तर त्या अजून चार हात सरकल्या असत्या."

तो हसला. हसताना त्याचा उजवा गाल आधी हलायचा, डावा मागून यायचा. हे मी त्याच दिवशी बघून ठेवलं, उगाच खोटं कशाला बोलू?

त्याचं नाव साईनाथ देवरे. वडील भातसा धरणावर नोकरीला, त्यामुळे सगळं बालपण भातसानगरच्या कॉलनीत गेलेलं. आता आईवडील शहापुरात आणि हा मुंबईत पीएचडी करतो. त्याला जायचं होतं आमच्याच हॉस्पिटलात, पण हाड बघून दोन रिक्षावाल्यांनी नकार दिला होता. आणि मी, रेश्मा वेखंडे, त्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. खुब्याचा सांधा बदललेल्या माणसांना परत चालायला शिकवणं हे माझं काम. रोज वैशाखऱ्याहून एसटीने येते.

"चला, पाच मिनिटांचा रस्ता आहे," मी म्हणाले. "पण ते हाड पदराखाली... म्हणजे शर्टाखाली घ्या. मला इथं रोज यायचंय."

*

दुपारी ओपीडी संपल्यावर त्याने लॅपटॉप उघडून मला त्याचं काम दाखवलं. पडद्यावर एक हाड होतं, निळं, हिरवं, लाल.

"मी कॉम्प्युटरमध्ये हाड जगवतो," तो म्हणाला.

"बरं असतं. कॉम्प्युटरमधलं हाड दुखतं म्हणून ओरडत नाही."

"ऐका तरी... या हाडाचे मी लाखभर बारके तुकडे केलेत. प्रत्येक तुकड्याला कॉम्प्युटर विचारतो — आज तुझ्यावर किती भार पडला? पुरेसा पडला, तर तसाच राहा. जास्त पडला, तर भर. कमी पडला, तर झीज. अशी पाच-पाच वर्षं पुढे नेता येतात एका दिवसात. आता हा धातूचा खुंटा आत बसला, की भार बराचसा तोच उचलतो. मग वरच्या भागातल्या हाडाला काम उरत नाही, आणि ते हळूहळू विरळ होत जातं."

"रिटायर झालेल्या हेडमास्तरांसारखं."

"अगदी तस्संच!" त्याने ते वहीत लिहून घेतलं. मी टिंगल करत होते आणि हा माणूस लिहून घेत होता. अशा माणसाचं काय करायचं असतं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

हे गणित खऱ्या माणसांशी ताडून बघायला तो आला होता. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे सांधा बदललेल्या बारा जणांचे एक्स-रे त्याला हवे होते. आणि ही माणसं दिवसभर काय करतात, तेही. किती चालता, किती पायऱ्या चढता, किती वेळा जमिनीवर बसता, किती वेळा वाकता. प्रश्न त्याचे, फॉर्म भरायचे मी.

बाराही जणांनी मला एकच उत्तर दिलं. "नाय बाय, खाली बसतच नाय. वाकत तर मुळीच नाय."

मी बारा वेळा शून्य लिहिलं. आणि बाराही वेळा मला ठाऊक होतं, की हे धडधडीत खोटं आहे.

कारण त्या बारा जणांतली पहिली माझी सख्खी आत्या होती. गिरजा आत्या. मुंबईहून दर गुरुवारी येणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बजावलं होतं, उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, कमरेत वाकायचं नाही. सगळे "व्हय" म्हणाले होते. पण आमच्याकडे आवणी सावडीवर चालते. आज आम्ही तुमच्या शेतात भात लावायचा, उद्या तुम्ही आमच्या. जो कोणाकडे जात नाही, त्याच्याकडे कोणी येत नाही, आणि मग त्याचं रोप राबाच्या वाफ्यातच पिवळं पडतं. तेव्हा ऑपरेशननंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आत्या कंबर वाकवून चिखलात उभी होती. सिद्धगडच्या पायथ्याचे लखमाबाबा तर तीन महिन्यांतच चुलीपुढे उकिडवे बसून बिडी ओढायला लागले होते.

"डॉक्टरला नको सांगू हां रेश्मा," आत्याने माझा हात धरून म्हटलं होतं. "पुढल्या साली दुसरा खुबा करायचाय मला. रागावला तर नाय करायचा तो. माझी शपथ हाय तुला."

शपथ घातली आत्याने. म्हणून मी गप्प बसले. निदान सुरुवातीला तरी तेवढ्याचसाठी.

*

आकडे जुळेनात.

त्याचं गणित सांगत होतं, दोन वर्षांत हाडाचा वरचा भाग विरळ व्हायला हवा. एक्स-रेमध्ये तो चांगला भरीव दिसत होता. सर्वांत भरीव गिरजा आत्याचा. तो पुढच्या गुरुवारी आला. मग त्याच्या पुढच्या. कधी एक्स-रेचा कोन मोजायला, कधी खुंट्याचा नंबर तपासायला. ऑक्टोबरचा डिसेंबर झाला.

आणि मी... मी गुरुवारी केस धुवायला लागले. आई ओरडली, गुरुवारी कोणी केस धुतं का! मग बुधवारी संध्याकाळी धुवायला लागले.

"आज काय विशेष?" तो एकदा म्हणाला. "मोगरा?"

"शाम्पू आहे, सर. त्याचे पण लाखभर तुकडे करणार का?"

"नाही," तो म्हणाला, आणि पडद्याकडे वळला. "काही गोष्टी अख्ख्याच बऱ्या."

त्या दिवशी मी लखमाबाबांना डाव्याऐवजी उजव्या पायाचा व्यायाम दिला. म्हातारा नुसता मिशीत हसत पाय उचलत राहिला.

शुक्रवार ते बुधवार हे सहा दिवस नक्की कशाला असतात, असं मला वाटायचं. एसटीत खिडकीशी बसून मी माळशेजच्या डोंगरांकडे बघायचे आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडायचे. त्याने काय म्हटलं, मी काय म्हटलं, मी काय म्हणायला हवं होतं. नि मग एकदम घाबरायचे. कारण सगळं माझ्या हातात होतं. मी एक वाक्य बोलले, की आकडे जुळणार. आकडे जुळले, की हा मुंबईला. याला परत मुरबाडला यायचं कारणच उरणार नाही.

जानेवारीत तो म्हणाला, "मला घरी जाऊन बघायचंय. तुमच्या आत्यांकडे नेता?"

नेलं. आत्याने अंगण झाडून ठेवलं होतं. घरात एकच खुर्ची, हॉस्पिटलने सांगितलं म्हणून तिच्यासाठी घेतलेली, पण तिच्यावर आत्या कधी बसलीच नव्हती. ती पाहुण्यांची खुर्ची होती. आज पाहुणा हा. मग त्याला खुर्ची, मला पाट, आणि आत्या? त्याच्यासमोर खाली बसायची तर चोरी, दुसरी खुर्ची नाही. सव्वा तास बाई खांबाला टेकून उभी राहिली! चहा उभ्याने, गप्पा उभ्याने. तो दोनदा उठून "तुम्ही बसा" म्हणाला, तर आत्या म्हणते, "नाय रे बाबा, मला उभंच बरं वाटतं."

परत येताना एसटीत तो हरखून गेला होता. "मॅडम, सापडलं! ही माणसं दिवसभर उभी असतात! मी उभं राहण्याचा वेळ कमी धरला होता!"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. हसू आवरत नव्हतं आणि रडूही. त्याने बिचाऱ्याने बाराही जणांना दिवसाचे आठ-आठ तास उभं केलं. तरी आकडे जुळले नाहीत.

*

जूनच्या शेवटच्या गुरुवारी तो आला तेव्हा डोळ्यांखाली काळं होतं.

"चेन्नईला एक नोकरी आहे," तो म्हणाला. "कृत्रिम सांधे तयार करतात त्या प्रयोगशाळेत. एक वर्ष तिथं, मग मुंबईत. पण ऑगस्टपर्यंत हे काम पूर्ण हवं. आमचे सर म्हणतात, मुरबाडचे बारा जण काढून टाक, ते आकडेच खराब आहेत."

"मग?"

"काढणार नाही. हाडं खोटं बोलत नाहीत, मॅडम. माझं काहीतरी चुकतंय. मी सहा महिने मुदत वाढवून मागतो. चेन्नईचं... बघू. दुसरं काही मिळेल." मग एकदम हलक्या आवाजात, "म्हणजे मुरबाडची सवय मोडायला नको."

सहा महिने! सव्वीस गुरुवार. मी तिथल्या तिथे मोजले. माझ्या छातीत काय झालं ते मला लिहिता येणार नाही. आणि त्याच्याच पाठोपाठ लाज वाटली, इतकी की मला त्याच्याकडे बघवेना. तो स्वतःची चूक शोधत होता. चूक त्याची नव्हतीच.

घरी न जाता मी तशीच आत्याकडे गेले. ती पडवीत मांडी घालून तांदूळ निवडत बसली होती.

"आत्या, तुझी शपथ मोडणार आहे मी."

तिने सूप खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. चेन्नई, मुदत, शून्य.

"म्हंजे आमच्या पायी त्या पोराचं नुकसान होतंय," ती म्हणाली. "मग सांग ना गो. डॉक्टर काय मला खातोय? ओरडंल आनि गप बसंल. इतकं दिवस का नाय सांगितलंस?"

"तू शपथ घातली होतीस."

"माझी शपथ?" आत्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "लहानपणी चिंचा नको खाऊ म्हणून घातली, ती तू संध्याकाळपर्यंत नाय पाळलीस. आनि ही नऊ महिने पाळलीस?"

मी सुपातले तांदूळ चिवडत राहिले.

"सांगितलंस की तो यायचा नाय, व्हय ना?"

मी मान हलवली. मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडले. त्याच मांडीवर, जिच्या हाडाने हे सगळं घडवलं होतं. आत्या तांदळाच्या हातानेच माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली.

*

जुलैत, आमची आवणी होती त्या दिवशी मी त्याला वैशाखऱ्याला बोलावलं. पाऊस बारीक लागला होता. बांधावर मी त्याला उभं केलं आणि म्हटलं, "बघा."

खाचरात चौदा माणसं ओळीने वाकली होती, डोक्यावरून प्लास्टिकचे कागद घेऊन, एकेक पाऊल मागे सरत. मधोमध निळ्या कागदाखाली गिरजा आत्या. डाव्या हातात रोपांची जुडी, उजवा हात चिखलात खाली-वर, खाली-वर. पलीकडच्या बांधावर चहाची किटली घेऊन लखमाबाबा आरामात उकिडवे बसलेले. ते आत्याच्या सावडीला आले होते.

तो किती तरी वेळ नुसता बघत राहिला. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं.

"वाकतच नाय," तो शेवटी पुटपुटला. आत्याचं वाक्य, आत्याच्याच सुरात.

आत्याने मान वर केली. "सापडला चोर, साहेब! आता काय करायचं ते करा. पण आधी ही ओळ पुरी करू द्या."

तो रागावेल असं मला वाटलं होतं. त्याने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरला. दुसऱ्या पावलाला घसरून बसलाही. चौदा माणसं हसली. त्याने खिशातलं काडेपेटीएवढं, हालचाल मोजायचं एक यंत्र दुधाच्या पिशवीत गुंडाळून आत्याच्या मांडीला बांधलं आणि दिवसभर आत्याच्या मागेमागे, वाकणं मोजत, उठणं मोजत. उकिडवं बसून उठताना खुब्यावर किती भार येतो, ते लखमाबाबांनी त्याला अकरा वेळा करून दाखवलं, हौसेने.

"म्हणून हाड भरलंय," तो मला ओरडून सांगत होता. "वरच्या भागाला इतकं काम मिळतंय की झिजायला वेळच नाही! पण आत्या, सांधा निखळायची भीती आहेच हां. डॉक्टर खोटं नाही सांगत."

संध्याकाळी विहिरीवर पाय धुताना तो शांत झाला.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

तांब्या त्याच्या हातात तसाच राहिला. "नऊ महिने, मॅडम... मी रात्रंदिवस स्वतःला मूर्ख समजत होतो. का नाही सांगितलंत?"

दोन उत्तरं होती. मी एकच दिलं. "आत्याने शपथ घातली होती."

"हं," तो म्हणाला. बूट हातात घेऊन तो एसटीकडे चालू लागला. मागे वळून बघेल असं वाटलं. नाही बघितलं.

*

मग गुरुवार आले. तो आला नाही.

एक गेला, दोन गेले. दार वाजलं की माझी मान वर व्हायची. दर वेळी कुणीतरी दुसरंच असायचं. मी रुग्णांना सांगायचे, दुखलं तरी चालत राहा, आणि मनात म्हणायचे, सांगायला काय जातं? तिसऱ्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. एक चित्र, दोन रेषा, एकमेकींवर अगदी बसलेल्या. खाली एकच शब्द — 'जुळलं.'

मी सात वेळा काहीतरी लिहिलं आणि पुसलं. मग 'अभिनंदन' पाठवलं. इतका कोरडा शब्द मी आयुष्यात कोणाला पाठवला नसेल.

ऑगस्टच्या मध्यावर, एका मंगळवारी, तो दारात उभा होता. हातात कागदांचा गठ्ठा.

"दुरुस्तीचे फॉर्म," तो म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही. "आधी दिलेली माहिती बदलली, तर संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीला कारण कळवावं लागतं. एका रुग्णामागे एक. ज्याने माहिती नोंदवली, त्यानेच लिहायचं. म्हणजे तुम्ही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दहा मिनिटं ओरडले. मग आत्यांच्या दुसऱ्या खुब्याची तारीख दिली. दिवाळीनंतर."

मी लिहायला बसले. 'पूर्वीची माहिती चुकीची नोंदवण्याचे कारण.' अकरा फॉर्म भराभर झाले, डॉक्टर रागावतील या भीतीने रुग्णाने खरे सांगितले नाही. तो खिडकीशी उभा होता.

"रविवारी निघतोय," तो खिडकीलाच म्हणाला. "चेन्नई."

बारावा फॉर्म गिरजा आत्याचा होता. माझं पेन थांबलं. आत्याने 'वाकत नाय' म्हटलं होतं ते फॉर्मपुरतं, मला फसवायला नव्हे. मला सगळंच माहीत होतं. तिथं भीती लिहिली तर पुन्हा खोटंच लिहिणं झालं असतं, आणि खोट्याचा मला आता वीट आला होता. मी लिहिलं:

'माहिती नोंदवणारीला खरे काय ते सुरुवातीपासून ठाऊक होते. आकडे जुळले तर संशोधक यायचे बंद होतील, म्हणून ती गप्प राहिली. त्यांना झालेल्या त्रासाबद्दल ती मनापासून क्षमा मागते. ते येत राहिले, याबद्दल मात्र तिला क्षमा मागता येत नाही.'

सही केली. गठ्ठा त्याच्याकडे सरकवला.

त्याने एकेक चाळला. शेवटच्यावर थांबला. वाचला. पुन्हा वाचला. त्याचा उजवा गाल हलला... मग थांबला.

"हे समितीपुढे जाणार आहे, मॅडम."

"जाऊ दे."

"सात जण आहेत समितीत. एक निवृत्त न्यायाधीश आहेत."

"सांगा त्यांना, मुलगी खरं बोलते. उशिरा बोलते, पण खरं बोलते."

तो माझ्यासमोर बसला. पेन मागितलं. फॉर्मच्या तळाशी एक रकाना होता, 'संशोधकाचा अभिप्राय.' बाकी अकरांवर त्याने नुसती सही केली. यात तो बराच वेळ लिहीत राहिला. मग त्याने कागद माझ्याकडे फिरवला.

'बाराही रुग्णांचे एक्स-रे ईमेलवर मागवता आले असते. संशोधकाला हे सुरुवातीपासून ठाऊक होते.'

मी वाचलं, आणि मला समोरचं काही दिसेनासं झालं. त्याने टेबलावरून हात पुढे केला. चिखलातल्या त्या दिवसाचा एक ओरखडा अजून त्याच्या मनगटावर होता.

"रेश्मा," तो म्हणाला. पहिल्यांदाच. "एक वर्ष आहे. थांबशील?"

"दहा महिने तुला न सांगता थांबले, साईनाथ," मी म्हणाले. "आता सांगून थांबते."